दोन मीटर चारची पँट

“एक तर पाय कापून आण, नाहीतर नीट पँट आण! पण ही ओली चिंधी माझ्या न्हाणीघरात परत टांगायची नाही!” गुनवोर जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडली.

“मग टांगू कुठं? डोक्यावर?” ऑडून खालून ओरडला.

“तुझ्या डोक्यावर टांगली तर छताला घासेल!”

“ह्यात माझी काय चूक? मला काय मी ऑर्डर देऊन बनवलं?”

“नाही, मी बनवलं! आणि तेव्हा तू एकावन्न सेंटिमीटर होतास! तेव्हाच थांबायचं होतं!”

आई-मुलाचं भांडण इथवर आलं होतं आणि खालच्या फरशीवर, ऑडूनच्या बुटांभोवती, छोटीशी खाडी तयार झाली होती.

ऑडून सतरा वर्षांचा. उंची दोन मीटर चार सेंटिमीटर, आणि वाढीचं दुकान अजून बंद झालेलं नाही. शाळा त्यानं ऑक्टोबरात सोडली, किंवा शाळेनं त्याला सोडलं. ह्या एकाच मुद्द्यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. त्यानं ठोसा मारला होता तो कपाटाला, मास्तरांना नाही. पण कपाट मास्तरांच्या फारच जवळ होतं, असं अहवालात लिहिलंय. त्यानंतर मासळीच्या कारखान्यात नऊ दिवस, पेट्रोलपंपावर चार. मग हाल्वार भेटला.

हाल्वार फिडल बनवतो, म्हणजे व्हायोलिनच, पण आमच्याकडची, आठ तारांची. खाडीच्या दुसऱ्या टोकाला बोटघराच्या माडीवर त्याची एकच खोली आहे. पहिल्या दिवशी त्यानं ऑडूनच्या हातात सुरी दिली, लाकडाचा एक तुकडा दिला आणि तीन तास काहीही बोलला नाही. ऑडूनला जन्मात तीन तास कोणी काही बोललं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. लाकूडसुद्धा उलटून बोललं नाही. संध्याकाळी हाल्वारनं तो तुकडा उजेडात धरला, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “उद्या ये.” घरी येताना ऑडून हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं गात होता. बाहेर ऐकू गेलं असतं तर मेंढ्या पळाल्या असत्या.

पण त्या खोलीच्या भिंतीवर एक गोल घड्याळ आहे. ते वेळ दाखवत नाही, हवेतला दमटपणा दाखवतं. आणि ऑडून आत आला की काटा चढायचा.

आता आमच्या खाडीत पाऊस पडतो असं म्हणणं चूक आहे. तो इथं राहायलाच असतो, मधूनमधून बाहेर जातो. घरापासून हाल्वारच्या खोलीपर्यंत अडतीस किलोमीटर. बस आहे, ती दुपारी बाराला पोचते. गुनवोर वृद्धाश्रमात नोकरीला, तिची पाळी पहाटेची आणि रस्ता उलट्या दिशेचा. राहिली मोटरसायकल, एकशेपंचवीसची, आणि तिच्यावर ऑडून म्हणजे शिलाईच्या मशिनवर बसवलेला जिराफ. गुडघे हँडलला लागायचे, म्हणून वळणावर तो एक गुडघा बाहेर काढायचा. शर्यतवाले हौसेनं काढतात, हा नाइलाजानं.

उभं राहिलं की त्याची रेनपँट घोट्यापर्यंत यायची. गाडीवर बसलं की पोटरीच्या मध्यावर. मांडीवर साठलेलं पाणी तिथून थेट बुटात. बूट भरले की वरून वाहायचे. कोरडी पँट पिशवीत न्यायची म्हणाल, तर नेत होताच. पण मग ओली टांगायची कुठं? बाहेर पाऊस, आत फिडल. एकदा त्यानं दाराआड लपवून टांगली. दुपारी हाल्वारनं सरस लावून ठेवलेल्या फिडलचा जोड उकलला. हाल्वार ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं घड्याळाकडं पाहिलं, मग दाराकडं, मग म्हणाला, “एक जूनला ठरवू. तोवर कोरडा ये. नाही जमलं तर माझ्याकडं तुझ्यासाठी जागा नाही. तुझा हात चांगला आहे, पण लाकूड त्याहून म्हातारं आहे.”

हाल्वारच्या तोंडून एका दमात एवढे शब्द गेल्या दहा वर्षांत कोणी ऐकले नव्हते. मेची चार तारीख होती.

शनिवारी ऑडून शहरातल्या मोटरसायकलवाल्या दुकानात गेला. विक्रेता उत्साही होता. उत्साही माणसं ऑडूनला मुळातच सोसत नाहीत.

“वा! अंगासरशी बसली!” तो टाळ्या वाजवत म्हणाला.

“मी उभा आहे.”

“उभ्यानं फार छान दिसते.”

“मी उभ्यानं गाडी चालवत नाही.”

दुकानातल्या एका गाडीवर बसून दाखवलं. पँट सरसर वर सरकली. गुडघ्यासाठी आत शिवलेली गादी मांडीवर येऊन बसली, पडलाच तर मांडी शाबूत राहिली असती. मग विक्रेत्यानं आतून ‘लांब’ मापाची आणली. ती लांबीला पुरली. पण कंबर? त्या कंबरेत ऑडून, गुनवोर आणि पिशवीभर बटाटे मावले असते. कंपनीच्या हिशोबात माणूस वर गेला की आडवाही जातोच. उंच आणि काटकुळा माणूस त्यांनी कधी पाहिलेलाच नाही.

“पट्टे लाव, खांद्यावरचे,” विक्रेता म्हणाला. “आणि मागं थोडी दुमड.”

दुमडलेल्या जागी पाणी साठतं. हे त्याला समजावताना ऑडूनचा आवाज चढला, हात उडाला, आणि हातमोज्यांचा अख्खा स्टँड आडवा झाला. पुढचा अर्धा तास तो जमिनीवर बसून मोज्यांच्या जोड्या जुळवत होता. बसल्यामुळे त्याची स्वतःची पँट पोटरीपर्यंत वर गेली होती, आणि दोन लहान मुलं उभी राहून ते बघत होती.

घरी आला तर अंगणात तोरलाइव्ह उभा. तोरलाइव्ह आमचा शेजारी, आधी मासेमारीच्या बोटीवर, मग फेरीबोटीचा कप्तान, आता निवृत्त. निवृत्त माणसाला जगाची काळजी फार.

“वाईट हवामान असं काही नसतं,” तो म्हणाला, “वाईट कपडे असतात.”

हे वाक्य आमच्याकडं बाळाला दुधाबरोबर पाजतात. ऑडूननं ते सतरा वर्षांत काही हजार वेळा ऐकलं असेल, बहुतेक वेळा कोरड्या माणसाकडून.

“मग दे ना चांगले कपडे,” तो चिडून म्हणाला.

तोरलाइव्ह आत गेला आणि आपली मासेमारीची जाड पिवळी पँट घेऊन आला. छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे. “एकतीस वर्षं समुद्रात टिकली. थेंब आत जाणार नाही. माझ्यासाठी लांबच होती, मी खाली दुमडायचो.”

आणि खरंच, उलगडल्यावर ती पुरली! बसूनही घोट्यापर्यंत. मंगळवार, बुधवार, गुरुवार ऑडून कोरडा पोचला. पिवळी पँट बाहेर खिळ्याला लावायची, टॉवेलनं पुसायची, संपलं. काटा जागचा हलला नाही. गुरुवारी हाल्वारनं त्याला नवीन काम दिलं, मानेवरचं नक्षीकाम. बघा, तीन दिवस नशिबानं तोंड दाखवलं, म्हणजे चौथ्या दिवशी पाठ दाखवणार हे आलंच.

शुक्रवारी रस्त्यावर मेंढ्या आल्या. ऑडून थांबला, पाय टेकले, आणि मेंढ्या आमच्याकडच्या सरकारी कामासारख्या एकेक करून जाऊ लागल्या. थोड्या वेळानं वास आला. त्याला वाटलं मेंढ्यांचा. नंतर लक्षात आलं, मेंढी जळत नाही. तोरलाइव्हच्या पँटचा उजवा पाय तापलेल्या सायलेन्सरला चिकटला होता आणि मधासारखा वितळत होता. ऑडूननं पाय ओढला, गाडीही आली. गाडी पडली, तिच्याबरोबर तो पडला, आणि शेवटच्या मेंढीनं थांबून त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. मेंढपाळ बाईनं खिशातल्या चाकूनं पँट कापून त्याला सोडवलं.

“समुद्रात सायलेन्सर नसतो,” ती म्हणाली. जणू त्याला हे सुचलं नव्हतं.

सायलेन्सरवर त्या पँटची पिवळी-काळी खपली अजून आहे. तोरलाइव्ह मात्र दुखावला. “एकतीस वर्षं समुद्रानं सांभाळली,” तो कुंपणापलीकडून म्हणाला, “तुला चार दिवस जमलं नाही.” पुढचा आठवडाभर तो ऑडूनला बघून आपलं टपाल उलटसुलट करत बसायचा.

मग कोणीतरी म्हणालं, कामाच्या कपड्यांसाठी सरकारी मदत मिळते, कल्याण कचेरीत अर्ज कर. अर्जात विचारलं होतं: वैद्यकीय कारण आहे का? डॉक्टरनं बिचाऱ्यानं चिठ्ठी लिहून दिली: ‘रुग्ण उंच आहे. यावर उपचार नाही.’ ती चिठ्ठी ऑडूननं आयुष्याचा निकाल असल्यासारखी दोनदा वाचली.

खिडकीमागच्या बाईनंही वाचली. “उंची हे अपंगत्व नाही,” ती गोड आवाजात म्हणाली.

“मी कुठं म्हणलं अपंगत्व आहे? मला पँट पाहिजे. कामासाठी.”

“पँट कामावर घालणार?”

“नाही, कामावर पोचलं की काढणार.”

“मग ते कामाचे कपडे नाहीत. दाराशी काढलेले कपडे म्हणजे प्रवासाचे कपडे. प्रवासाचे आमच्याकडं येत नाहीत.”

“मग मी काय ओला जाऊ?”

“ओलं जायला अर्ज लागत नाही,” बाई म्हणाली. तिनं ते माहिती म्हणून सांगितलं होतं, टोमणा म्हणून नाही, आणि तेच जास्त झोंबलं. ऑडूननं मूठ वळली. जवळ एक कपाट होतं. त्यानं कपाटाकडं पाहिलं, कपाटानं त्याच्याकडं पाहिलं, आणि तो बाहेर पडून पावसात उभा राहिला. मूठ उघडायला बराच वेळ लागला.

ओल्या पँटमध्येच पुढचे चार दिवस गेले. काटा चढत राहिला. हाल्वारनं नक्षीकाम काढून घेतलं, ‘वाळल्यावर बघू’ म्हणाला. लाकूड वाळल्यावर की ऑडून, ते काही बोलला नाही. ऑडून कोपऱ्यात बसून खुंट्या घासायचा आणि फिडलपासून दूर राहायचा, संसर्गजन्य रोग झाल्यासारखा.

शेवटी इंटरनेटवर एक कंपनी सापडली. मापं पाठवा, आठ दिवसांत पँट शिवून पाठवतो. ऑडूननं मासळीच्या कारखान्यातले उरलेसुरले सगळे पैसे त्यात घातले. मापं मात्र दुसऱ्या माणसानं टेप धरून घ्यायची होती, आणि घरात दुसरं माणूस एकच, गुनवोर. तिच्याशी बोलणं बंद. न्हाणीघराच्या भांडणापासून दोघं फ्रिजवर चिठ्ठ्या लावून संसार करत होते. ‘दूध संपलं.’ ‘मला माहीत आहे.’ ‘मग आण.’ असा पत्रव्यवहार.

ऑडूननं कंपनीचा फॉर्म छापून फ्रिजवर लावला. खाली लिहिलं: ‘मापं पाहिजेत.’

गुनवोरनं ते वाचलं. मग तिनं टेप न उचलता फोन उचलला. टेप धरायची म्हणजे मुलाच्या पायाशी वाकायचं, आणि एवढ्या भांडणानंतर त्याच्या पायाशी कोण वाकतं? फोन लावला सिनोव्हला. सिनोव्ह गावातली बुनाद शिवणारी. बुनाद म्हणजे आमचा सणाचा पोशाख; सतरा मेला लहानमोठे सगळे तो घालून मिरवणुकीत जातात. ऑडूनचा बुनाद तिनं याच वसंतात तिसऱ्यांदा उसवून वाढवला होता. तिच्या वहीत गावातल्या प्रत्येकाचं माप आहे. कोण जाड झालं, कोण खंगलं, कोणाला दिवस गेलेत, हे डॉक्टरच्या आधी सिनोव्हला कळतं.

“पँट? घे लिहून,” सिनोव्ह म्हणाली. “कंबर ब्याऐंशी, बैठक, मांडी… पँटची लांबी अठ्ठ्याहत्तर.”

गुनवोरनं सुवाच्य अक्षरात लिहिलं. फॉर्म फ्रिजवर परत लागला. खाली तिनं एक लहानसं हृदय काढलं, मग ते खोडलं, पण दिसत होतं. फॉर्ममध्ये एक चौकट होती, ‘मापं तपासून पाहिली आहेत’. आईनं लिहिलेली मापं तपासायची? त्यानं खूण केली आणि पाठवून दिला.

दोन दिवसांनी कंपनीचा निरोप आला: ‘तुमची उंची आणि पँटची लांबी यांचा मेळ बसत नाही. लांबी आखूड वाटते. कृपया खात्री करा.’

कोणताही शहाणा माणूस टेप घेऊन खात्री करतो. पण ऑडूनला महिनाभर जो तो त्याच्या उंचीवरून शहाणपण शिकवत होता; विक्रेता, तोरलाइव्ह, मेंढपाळ बाई, खिडकीमागची बाई. आता कंपनीसुद्धा. त्याचं डोकं सटकलं. त्यानं उत्तर ठोकलं: ‘मी उंच आहे, बावळट नाही. लिहिलंय तसंच शिवा. परत विचारू नका.’

कंपनी सभ्य होती. त्यांनी परत विचारलं नाही.

एकतीस मेला संध्याकाळी पार्सल आलं. ऑडूननं ते स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडलं. काय कापड होतं! काळं, मऊ, प्रत्येक शिवण आतून पट्टी लावून बंद. नळाखाली धरलं तर पाण्याचे गोळे घरंगळून गेले. त्यानं पँट चढवली. कंबर बरोब्बर. बैठक बरोब्बर. मांडी अशी की जणू कातडीच. मग त्यानं खाली पाहिलं.

पँट गुडघ्याच्या चार बोटं खाली संपत होती.

पुरुषांच्या बुनादची विजार गुडघ्याखालीच संपते. तिथं चांदीची बटणं असतात आणि त्याखाली लोकरीचे पांढरे मोजे. सिनोव्हला आयुष्यात कोणी दुसऱ्या पँटबद्दल विचारलंच नव्हतं. चाळीस वर्षं ती पँटची लांबी म्हणून हेच माप सांगत आली आणि चाळीस वर्षं ते बरोबर होतं.

गुनवोर दारात उभी होती. तिनं पायांकडं पाहिलं, तोंडावर हात दाबला. आतून पहिल्यांदा हसू आलं, मग ते मध्येच कुठंतरी फिरलं आणि ती खुर्चीत बसून रडायला लागली. “मी मापाला वाकले असते तर…” एवढंच तिला म्हणता आलं. सत्तावीस दिवसांत तोंडानं बोललेलं पहिलं वाक्य.

“मला त्यांनी विचारलं होतं,” ऑडून म्हणाला. “मी त्यांना शिव्या घातल्या.”

गुनवोरनं मासळीचे वडे गरम केले. ते दोघांनी पावसाचा आवाज ऐकत खाल्ले. उद्या सकाळी सहा अंश आणि मुसळधार पाऊस, अशी बातमी रेडिओवर लागली, तेव्हा तिनं रेडिओ बंद केला, जणू त्यानं फरक पडणार होता.

एक जूनला पहाटे ऑडून उठला आणि त्यानं एक गोष्ट केली, रागानं केली की विचार करून, त्यालाही सांगता आलं नसतं. नवीन पँट घातली, आणि खाली काही घातलंच नाही. मोजे नाहीत, काही नाही. उघड्या पोटऱ्या, उघडे पाय बुटात. कोरडे मोजे, कोरडी विजार, टॉवेल, सगळं घडी करून जाकिटाच्या आत पोटाशी. गाडीवर बसला तशी पँट आणखी वर सरकली आणि गुडघेही उघडे पडले. अडतीस किलोमीटर. पहिल्या दहात पाय दुखले, पुढच्या दहात झोंबले, त्यानंतर ते पाय त्याचे उरलेच नाहीत, कोणीतरी गाडीला बांधून दिलेले सामान झाले.

बोटघराखाली त्यानं बूट उपडे केले. पँट झटकून, पुसून खिळ्याला लावली. पाय पुसले, कातडी पाणी धरत नाही, हे एवढं सोपं होतं. कोरडे मोजे, कोरडी विजार चढवली आणि वर गेला.

हाल्वारनं घड्याळाकडं पाहिलं. काटा हलला नाही.

मग त्यानं ऑडूनकडं पाहिलं. ऑडूनचे ओठ निळे होते आणि दात असे वाजत होते की भिंतीवरच्या फिडलच्या तारा हलकेच गुणगुणायला लागल्या. दुपारपर्यंत त्याला सुरी धरता आली नाही. हाल्वारनं त्याला चुलीशी बसवलं, खांद्यावर घोंगडी टाकली आणि आपलं काम करत राहिला. ऑडूनला वाटलं, संपलं. कोरडा तर पोचलो, पण उपयोग काय? लाकूड धरता येत नाही असा कोरडा माणूस कोणाला हवा?

एक वाजता हाल्वारनं कपाटातून कागद काढला. सगळं आधीच भरलेलं होतं. तारीख, तीन वर्षांची शिकाऊ उमेदवारी, खाली हाल्वारची सही. सहीची शाई जुनी दिसत होती.

“हे कधी लिहिलंस?” ऑडूननं विचारलं.

“मेच्या पाच तारखेला.”

“मग महिनाभर मला का…”

“तू येतोस का ते बघत होतो,” हाल्वार म्हणाला. “सही कर.”

एरवी ऑडून यावर पेटला असता. अख्खा महिना, तोरलाइव्हची पँट, सगळे पैसे, आईचं रडणं! त्यानं आजूबाजूला पाहिलं, खोलीत कपाट होतंच. पण बोटं एवढी आखडली होती की मूठ वळेना. त्यानं त्याच बोटांनी सही केली. ती सही कमी आणि भूकंपाची नोंद जास्त दिसत होती.

“आज तीनच्या आत जिल्हा कचेरीत खिडकीवर द्यायचा. स्वतः. नाहीतर एक वर्ष थांबावं लागेल,” हाल्वार म्हणाला. “आणि ओला कागद ते घेत नाहीत.”

कचेरी डोंगरापलीकडं, बेचाळीस किलोमीटर. हाल्वारकडं बोट आहे, गाडी नाही. खिडकीबाहेर खाडी दिसत नव्हती, नुसता पाऊस दिसत होता.

ऑडून खाली उतरला. कोरडी विजार आणि मोजे काढून घडी केले, काळी पँट चढवली. शर्ट वर करून कागद पोटाला सपाट लावला, वरून पँटची कंबर ओढून घट्ट केली. बुटात उघडे पाय घातले तेव्हा ते आतून अजून ओलेगार होते. तेवढ्यात फोन वाजला. गुनवोर, वृद्धाश्रमातून.

“काय झालं रे? बोल पटकन.”

“सही झाली.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “आणि पाय? पायांना फार गार लागतंय का? मी येऊ का? मी रजा टाकते, मी…”

“आई, पाय राहू दे. कागद कोरडा आहे. मला आता निघायला हवं.”